नकाशा एक सांगतो, कागद दुसरें

घर बांधण्याचा प्रसंग गृहस्थाच्या आयुष्यांत बहुधा एकदांच येतो. त्या वेळीं त्याच्यापुढें दोन वस्तु ठेवण्यांत येतात: एक गुंडाळी केलेला नकाशा व दुसरा टांचलेला लेखी कागद. नकाशा घरांतील सर्व मंडळी पाहतात. देवघर ईशान्येस आलें कीं नाहीं, स्वयंपाकघरांत उजेड पडेल कीं नाहीं, वडील माणसांच्या खोलीपासून न्हाणीघर किती पावलांवर आहे, याचा खल आठ आठ दिवस चालतो. लेखी कागद मात्र कोणी उघडीत नाहीं. शेवटच्या पानावर जेथें फुली केलेली असते तेथें सही झाली कीं तो कपाटांत जातो. पुढें पाया खणला जातो, भिंती उठूं लागतात, आणि एके दिवशीं मक्तेदार तोच कागद हातांत घेऊन दारांत उभा राहतो व म्हणतो, "नकाशांत काय असेल तें असो, कागदांत असें लिहिलेलें नाहीं." या वादासंबंधीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विषय इंजिनिअर लोकांचा. त्यांत संस्कृत शिकविणाऱ्या शिक्षकानें कां पडावें, असें कोणी विचारील. आमचें उत्तर इतकेंच कीं, दोन वचनांत विरोध आला असतां कोणतें प्रमाण मानावें हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे, आणि तो शिकविण्यांत आमची हयात गेली आहे.

नकाशा आकार, जागा व मापें दाखवितो. माल कोणता व काम कोणत्या रीतीनें करावयाचें हें तपशीलपत्र सांगतें. ओव्हरसीअर लोक त्यालाच स्पेसिफिकेशन म्हणतात. मोठ्या कामांत तिसरा कागदही असतो. त्यांत प्रत्येक बाबीचें वर्णन, परिमाण व दर यांची यादी असते. तिन्ही कागद एकाच इमारतीविषयीं बोलतात, परंतु तिन्ही एका हातचे नसतात, आणि विरोधाचें मूळ बहुधा येथेंच असतें. त्यांत कोणाची लबाडी असतेच असें नाहीं. नकाशा चार वेळां बदलतो. स्वयंपाकघर मोठें होतें, जिना फिरतो, एक खिडकी सुनेच्या सांगण्यावरून वाढते. तपशीलपत्र मात्र पहिल्या नकाशावरून लिहिलेलें तसेंच राहतें. शिवाय तें पुष्कळदां मागील एखाद्या कामाच्या कागदावरून उतरून घेतलेलें असतें.

या उतरून घेण्याचें आमच्या भागांतील एक उदाहरण गमतीचें आहे. सरकारी बांधकामाच्या कागदांत दारांच्या चौकटींसाठीं 'सी. पी. टीक' हें नांव अजून आढळतें. सी. पी. म्हणजे मध्यप्रांत. तें नांव १९५० सालीं लोपलें. आमचें चिमूर १९५६ सालीं मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आलें. चांद्याचें चंद्रपूर झालें. १९८२ सालीं गडचिरोली निराळा जिल्हा झाला. पण सागवानानें आपला प्रांत सोडला नाहीं! याच जंगलांतील सागवान २०२३ सालीं अयोध्येच्या राममंदिराच्या दारांकरितां बल्लारपुराहून रवाना झालें, तेव्हां त्याच्या जातीविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. शंका कागदाविषयीं असते. एका पानावर 'सी. पी. टीक', नकाशाच्या कोपऱ्यांतील टीपेंत नुसतें 'सागवान', आणि यादींत 'कठीण लाकूड' असें तिहेरी वर्णन आलें, म्हणजे मक्तेदार साहजिकच तिसरें वाचतो व घरधनी पहिलें.

लाकडाची फसगत डोळ्यांना दिसते तरी. काँक्रीटची दिसत नाहीं. भारतीय मानक ४५६ याची २००० सालची आवृत्ति सळईच्या काँक्रीटला किमान एम २० ही प्रत सांगते. त्यापूर्वींच्या १९७८ च्या आवृत्तींत एम १५ चालत असे. एखाद्या जुन्या नकाशाची टीप जशीच्या तशी उतरली गेली कीं वीस व पंधरा एकाच घरांत नांदूं लागतात, आणि गिलावा झाल्यावर कोणतें कोठें पडलें हें सांगणारा कोणी उरत नाहीं.

आतां आपल्या शास्त्राकडे वळूं. जैमिनीच्या पूर्वमीमांसेंत तिसऱ्या अध्यायांत श्रुति, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान व समाख्या अशीं सहा प्रमाणें सांगितलीं आहेत, आणि त्यांची परस्परांशीं गांठ पडली असतां आधींच्यापेक्षां पुढचें दुर्बळ, असा क्रम लावून दिला आहे. यांतील पहिल्या दोहोंच्या विरोधाचें उदाहरण प्रसिद्ध आहे. एक ऋचा इंद्राची आहे. तिचे शब्दच इंद्राकडे बोट दाखवितात. हें लिंग. परंतु विधि स्पष्ट सांगतो कीं, त्या ऋचेनें गार्हपत्य अग्नीचें उपस्थान करावें. ही श्रुति. मग यजमानानें करावें काय? मीमांसक उत्तर देतो कीं, उपस्थान अग्नीचेंच करावें. कारण जें सूचित होतें त्याहून जें प्रत्यक्ष सांगितलें जातें तें बलवत्तर. नकाशा दाखवितो व तपशीलपत्र सांगतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे यज्ञमंडपांतील हा वाद घरबांधणीच्या खड्ड्यापाशीं किती सहज येऊन उभा राहतो, हें वाचकांस दिसेल. पाणिनीनेंही समान बळाच्या दोन नियमांत विरोध आला तर सूत्रक्रमांत पुढें असेल तो घ्यावा अशी सोय करून ठेविली आहे. सामान्याहून विशेष प्रबळ, हें तर उभय शास्त्रांस मान्य. न्यायमूर्ति मार्कंडेय काटजू यांनीं आपल्या कांहीं निकालपत्रांत मीमांसेच्या या अर्थनिर्णयाच्या नियमांचा आधार घेतला होता, हेंही येथें नमूद करण्यासारखें आहे. आम्हांस यांत विशेष कौतुक वाटतें तें याचें कीं, क्रम विरोधापूर्वींच ठरलेला आहे. अग्नि पेटल्यावर ऋत्विजांनीं मतें घेत बसावयाचें नसतें.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या करारांत असाच क्रम छापलेला असतो. प्रथम यादींतील वर्णन, दुसरे त्या कामापुरते विशेष तपशील व अटी, तिसरा नकाशा, चौथें खात्याचें सर्वसाधारण तपशीलपत्र, आणि सर्वांच्या शेवटीं भारतीय मानकें. त्याच कलमांत असेंही आहे कीं, लहान प्रमाणाच्या नकाशाहून तपशीलवार नकाशा प्रबळ, व पट्टी लावून मोजलेल्या लांबीहून लिहिलेला आंकडा प्रबळ. शेवटचा नियम प्रत्येक घरधन्यानें लक्षांत ठेवावा. नकाशाच्या प्रतीची प्रत निघतांना कागदाचा आकार बदलतो, आंकडा बदलत नाहीं. परंतु हा क्रम वेदासारखा अपौरुषेय आहे असें मात्र कोणी समजूं नये. फिडिक नांवाच्या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघानें १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या नमुन्यांत तपशीलपत्र नकाशाच्या वर आहे आणि यादी दोहोंच्याही खालीं! एकीकडे जी राणी ती दुसरीकडे दासी. आमच्या महाराष्ट्राच्या बांधकाम खात्याच्या बी-१ व बी-२ या नमुन्यांत तिसावें कलम असें कीं, तपशील, आराखडे व नकाशे यांच्या अर्थाविषयीं अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अखेरचा. ज्या खात्यानें कागद लिहिले त्याच्याच अधिकाऱ्यानें त्यांचा अर्थ सांगावा, ही व्यवस्था काम अडूं न देण्याच्या दृष्टीनें सोयीची खरी. पण या बाबतींत मक्तेदार कुरकुरला तर आम्ही त्याला दोष देणार नाहीं.

खाजगी करारांत बहुधा कोणताच क्रम नसतो, आणि मग प्रकरण १८७२ च्या करारकायद्यावर जातें. त्यांतील विसाव्या कलमाप्रमाणें करारास आवश्यक अशा वस्तुस्थितीविषयीं दोन्ही पक्षांची चूक असेल तर करारच शून्य होतो. बाविसाव्याप्रमाणें एकाच पक्षाची चूक असेल तर केवळ तेवढ्यावरून करार मोडतां येत नाहीं. कागद संदिग्ध असेल तर ज्यानें तो लिहिला त्याच्या विरुद्ध अर्थ घ्यावा, असाही न्यायालयांचा एक संकेत आहे. करारांत नसलेलें पण फुकट करण्याच्या हेतूनें न केलेलें काम दुसऱ्यानें भोगलें, तर त्याचा मोबदला सत्तराव्या कलमाखालीं मिळतो. १९६१ सालीं बंगाल सरकारविरुद्धच्या एका बांधकामाच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें तो मक्तेदारास देवविला.

नकाशाच चुकीचा असेल तर भुर्दंड कोणावर, याचा विचार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९१८ सालीं स्पीअरिन नांवाच्या मक्तेदाराच्या दाव्यांत केला. ब्रुकलिनच्या नौदलाच्या आवारांत गोदी बांधतांना सहा फुटी गटार वळवावयाचें होतें. त्यानें तें सरकारी नकाशाबरहुकूम वळविलें. जवळच्याच दुसऱ्या गटारांत एक बांध होता व तो नकाशांत दाखविलेला नव्हता. जोराचा पाऊस व भरती एकदम आली, नवें गटार फुटलें आणि गोदीच्या खड्ड्यांत पाणी भरलें. न्यायालय म्हणालें कीं, ज्यानें नकाशा दिला त्यानें त्याच्या पुरतेपणाची हमी दिली. 'जागा पाहून घ्यावी' हें कलम दाखवून ती हमी टळत नाहीं.

आपल्या किनाऱ्याजवळचें प्रकरण मुंबई हायचें. तेथील समुद्रांतील तेलाच्या फलाटांच्या १९८४ सालच्या कामांतून मॅकडरमॉट व बर्न स्टँडर्ड या कंपन्यांत वाद लागला. त्यांतील एक मुद्दा आरंभींचे नकाशे व मागाहून 'बांधकामास मंजूर' म्हणून आलेले नकाशे यांतील फरकामुळें वाढलेल्या कामाचा होता. निकाल सर्वोच्च न्यायालयांतून २००६ सालीं लागला. बावीस वर्षें! कराराचा अर्थ लावणें हें लवादाचें काम, असें त्यांत सांगितलें आहे. २०२३ सालींही, हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या अलाहाबादजवळील रस्त्याच्या दाव्यांत, माती व राख यांचा भराव एकत्र मोजावा कीं निरनिराळा, या प्रश्नावर लवादाच्या बहुमतानें लावलेला अर्थ उच्च न्यायालयाच्या खंडपीठानें फिरविला होता, तो सर्वोच्च न्यायालयानें पुन्हा कायम केला.

ज्यांचीं मुलें नागपुरास किंवा पुण्यास तयार सदनिका घेतात त्यांना २०१६ चा स्थावर संपदा कायदा बराच उपयोगी आहे. त्याच्या चौदाव्या कलमानें मंजूर नकाशा व तपशील या दोहोंप्रमाणें बांधण्याचें बंधन विकासकावर आहे, आणि बांधणींतील दोष ताबा दिल्यापासून पांच वर्षांच्या आंत दाखविला तर त्यानें तो विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. आपल्या गांवीं स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास मात्र हें छत्र नाहीं.

आमच्या चिमुरांतच असें एक प्रकरण आमच्या डोळ्यांसमोर घडलें. तीन भाऊ, एकत्र कुटुंब, चौदा माणसें व एक चूल. वडिलांच्या वेळचें मातीच्या भिंतींचें, कवेलूंचें घर पाडून दुमजली घर बांधावयाचें ठरलें. नकाशा नागपुराहून आला. करारनामा येथील मक्तेदारानें मुद्रांकावर टंकून आणला. नकाशाच्या छेदांत पायाखालीं 'कठीण मुरूम लागेपर्यंत' असें लिहिलेलें, आणि करारांत 'पाया पांच फूट'. मे महिन्याच्या अखेरीस पांच फूट खणून झालें तरी खालीं काळी मातीच. ही माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा टाकते. तिच्यावर ठेविलेली भिंत सरळ राहत नाहीं, हें येथील पोरासही ठाऊक आहे. मक्तेदार म्हणाला, "गुरुजी, पांच फुटाचा भाव ठरला. खाली मुरूम नाही लागला, तो माझा दोष का जी?" थोरले बंधु पैशाच्या काळजीनें पांच फुटांवर थांबावयास तयार होते, मधल्यांना नकाशा सोडावयाचा नव्हता, धाकटे मक्तेदारावर दावा लावण्याच्या गोष्टी बोलूं लागले. तीन दिवस पंगत एकत्र बसे, पण भाऊ एकमेकांशीं बोलत नसत. खड्डे उघडे आणि मृग तोंडावर.

कागद आमच्याकडे आले ते अशा वेळीं. बाध मानण्यापूर्वीं समन्वय होतो कीं काय तें पाहावें, हा शास्त्राचा पहिला धडा. करारनाम्याचें पहिलेंच वाक्य 'सोबतच्या नकाशाप्रमाणें घर बांधून देणें' असें होतें. म्हणजे नकाशा करारांत आलाच. 'पांच फूट' हे शब्द कामाच्या वर्णनांत नसून 'दर' या मथळ्याखालीं होते. तेव्हां पाया मुरमापर्यंत न्यावयाचा, पैकीं पांच फूट ठरल्या दरांत, आणि त्याखालचें खणकाम व बांधकाम मोजून निराळें द्यावयाचें, असा अर्थ लावला तर एकही शब्द खोडावा लागत नव्हता. मक्तेदारास तें पटलें. खालच्या कामाचा दर त्यानें मागितल्याहून थोडा उतरविला. त्याच कागदांत 'जोतें दोन फूट' असेंही होतें, पण दोन फूट कोठून, हें नव्हतें. आमच्या गल्लीचा रस्ता सिमेंटचा थरावर थर घेऊन उंचावत चालला आहे. खड्डा खणतेवेळच्या जमिनीपासून दोन फूट धरले असते तर चार पावसाळ्यांत ओटीवर पाणी आलें असतें. नकाशांत रस्त्याची पातळी दाखविलेली होती, म्हणून तेथें नकाशा धरला.

वाढीव खर्चासाठीं थोरल्या बंधूंनीं कुंपणाची भिंत पुढील सालावर टाकली. मुरूम साडेसात फुटांवर लागला. ठरलेलें सर्व नकाशाच्याच कोऱ्या कडेवर लिहून तिघां भावांनीं व मक्तेदारानें खालीं सह्या केल्या. थोरल्या वहिनींनीं खड्ड्यांत हळदकुंकू वाहिलें, आणि तिसऱ्या प्रहरीं काँक्रीटचें पहिलें घमेलें पडलें.