डावखुऱ्याचा पाय

मराठीने डाव्या हाताला फारसा मान दिलेला नाही. सरस ठरतो तो 'उजवा', बाजूला सारणे म्हणजे 'डावलणे'. पूजेत, पंगतीत, पाटीवर उजव्याचाच अधिकार. पण डाव्या हाताने काम करणाऱ्याला याच भाषेने जे नाव दिले, त्यात हात ऐकू येत नाही. ऐकू येतो तो खूर. 'डावखुरा' हा शब्द मी पन्नाशी उलटेपर्यंत वापरत आलो. त्यातल्या खुराकडे लक्ष गेले ते पुतणीमुळे.

ती कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या डोंगरकड्यात राहते आणि बॉक्सिंग शिकते. जन्माची डावरी. तिला इतर मुलींसारखेच डावा पाय पुढे ठेवून उभे केले गेले. "काका, उजवा पाय पुढं घेतला की सर वरडतात," ती म्हणाली. दोन लढती हरल्यावर तिने हातमोजे खुंटीला टांगले. मला या खेळातले ओ की ठो कळत नव्हते. मात्र शाळेत माझ्याही डाव्या हातावर छडी बसलेली आहे. आज मी उजव्याने लिहितो, आणि ते अक्षर माझे मलाच परके वाटते. म्हणून पुस्तके मिळवली, लढतींची चित्रणे संथ गतीने पुन्हा पुन्हा पाहिली. जे समजले ते असे.

आधी पवित्रा. उजव्या हाताचा बॉक्सर डावा पाय आणि डावा हात पुढे ठेवतो. बळकट उजवा मागे, हनुवटीजवळ असतो. मागच्या हाताला कंबरेच्या वळणाचा जोर मिळतो, म्हणून तो मागे. डावखुऱ्याचा पवित्रा, ज्याला 'साउथपॉ' म्हणतात, तो याचेच आरशातले रूप: उजवा पाय पुढे, डावा हात मागे.

असे दोघे समोरासमोर आले की एकाचा उजवा आणि दुसऱ्याचा डावा पाय अंगठ्याला अंगठा भिडावा तसे येतात. खरी झुंज तिथे सुरू होते. डावखुऱ्याने आपला उजवा पाय प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या पायाच्या बाहेर टेकवला, की त्याची डावी मूठ समोरच्याच्या हनुवटीच्या रेषेत येते आणि समोरच्याच्या उजव्या हाताची रेषा चुकते. तोच पाय आत राहिला तर सगळे उलटे होते. वीतभर जागेवर लढतीचा तोल फिरतो.

ती जागा मिळवायला साधारणपणे आपल्या उजवीकडे सरकायचे, म्हणजे समोरच्याच्या बळकट हातापासून दूर. नियम सोपा आहे: ज्या दिशेला जायचे, त्या बाजूचा पाय आधी. उजवीकडे जाताना उजवा, डावीकडे डावा, पुढे जाताना पुढचा, मागे येताना मागचा. दुसरा पाय तेवढेच अंतर मागोमाग येतो. पाय जुळवायचे नाहीत, एकमेकांत अडकवायचे नाहीत.

मग ठोसा. उजव्या हाताच्या सरळ ठोशाने, म्हणजे जॅबने, अंतर जोखायचे आणि समोरच्याचा पुढचा हात गुंतवायचा. डावा ठोसा जमिनीतून निघतो: डाव्या पायाची टाच उचलते, चवडा वळतो, मग कंबर, मग खांदा, शेवटी मूठ. डावा खांदा हनुवटी झाकतो, उजवा हात गालाशीच राहतो. अंगाचा भार पुढच्या गुडघ्यापलीकडे गेला की तोल गेला. हाच ठोसा खाली मारला तर तो समोरच्याच्या उजव्या बरगडीखाली, यकृतावर बसतो.

डावखुऱ्यांना रोज उजव्यांशी सराव मिळतो, उजव्यांना डावखुरे क्वचित भेटतात. हा त्यांचा आणखी एक फायदा. सहा वेळा विश्वविजेती झालेली मेरी कोम याच पवित्र्यात लढली. तरीही हेवीवेट गटाचे विश्वविजेतेपद डावखुऱ्या पवित्र्याच्या बॉक्सरला, मायकेल मूररला, मिळायला 1994 साल उजाडावे लागले. अनेक डावऱ्यांना आधीच उजव्या पवित्र्यात वळवले जात असे.

इथवर येऊन मी पुतणीच्या बाजूने निकाल देणार होतो, पण पुरावे आडवे आले. ऑस्कर दे ला होया मूळचा डावरा, पण लढला उजव्यांच्या पवित्र्यात. बळकट डावा पुढे आल्याने त्याचा जॅब धारदार झाला. मार्व्हिन हॅगलर उजव्या हाताचा, पण लढला मुख्यतः डावखुऱ्या पवित्र्यात. आपला सचिन तेंडुलकर लिहितो डाव्याने, खेळला उजव्याने. सांगलीची स्मृती मानधना उजव्या हाताची असून फलंदाजी डावखुरी करते. म्हणजे लिहिता हात पाहून पवित्रा ठरवता येत नाही. तो करून पाहावा लागतो.

शेतकऱ्याला हे नवे नाही. डावीकडे चालायची सवय झालेला बैल उजवीकडे जुंपला की तास वाकडे जाते. म्हणून बैल कोणत्या बाजूला नीट चालतो ते तो आधी पाहतो.

आम्ही अंगणात रांगोळीची रेघ मारली. पुतणी आठ दिवस डावा पाय पुढे ठेवून तिच्यावर मागे-पुढे सरकली, आठ दिवस उजवा. पहिल्या आठवड्यात मागे येताना पाय गुंतत होते, रेघ पुसली जात होती. दुसऱ्या आठवड्यात ती संध्याकाळपर्यंत शाबूत राहिली. तिने मोजे खुंटीवरून काढले. सरांशी बोलायला मी येऊ का, असे विचारले तर नको म्हणाली. एकटीच गेली. सरांनी महिनाभर पाहू म्हटले आहे.