सुताराची फिरती चकती व शेतकऱ्याची बोटे

औत-अवजारांची निगा हा शेतीचा अर्धा प्राण होय. पेरणीच्या तोंडावर तिफण नादुरुस्त निघाली, तर हातचा वाफसा निघून जातो व तो पुन्हा मिळेलच अशी शाश्वती कोणी देऊ शकत नाही. पूर्वी गावचा सुतार बलुत्यावर हे काम करी. बाभळीचे लाकूड वाकसाने तासून, रंध्याने साफ करून, कानशीने व काचकागदाने गुळगुळीत करी. आज परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड येथील काय किंवा लहान गावांतील काय, पुष्कळ कारखान्यांत विजेवर चालणारी यंत्रे आली आहेत. त्यांपैकी डिस्क सँडर, म्हणजे काचकागद चिकटविलेली फिरती चकती, हिजविषयी आज चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. कित्येक शेतकरी बंधूंनी आपल्या गोठ्याशेजारीच असे यंत्र मांडले आहे. त्यांस हे लिहिणे विशेषेकरून उपयोगी पडेल.

या यंत्रास करवतीसारखे दात नाहीत, म्हणून ते निरुपद्रवी आहे असा समज होतो. हा समज घातक आहे. बारा इंच व्यासाची चकती मिनिटास १४४० फेरे घेत असेल, तर तिच्या कडेचा वेग ताशी सुमारे ८३ किलोमीटर होतो. अशा वेगाने धावणारा खरखरीत कागद बोटास लागला, तर कातडी व नख क्षणार्धात जाते, आणि हात मागे घेण्याचे भान येईपर्यंत इजा हाडापर्यंत पोहोचलेली असते.

चकतीचा वेग सर्वत्र सारखा नसतो. मध्यबिंदू जवळजवळ स्थिर असतो, तर कडेस वेग सर्वांत अधिक. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट दिशेची आहे. चकतीचा एक अर्धा भाग खाली येत असतो व दुसरा वर जात असतो. समोरून पाहता ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत असेल, तर डावा भाग खाली येतो. काम नेहमी खाली येणाऱ्या भागावरच करावे. तेथे चकती लाकडास टेबलावर दाबून धरते. वर जाणारा भाग मात्र लाकूड उचलून तोंडावर फेकतो व रिकामा झालेला हात चकतीवर जातो.

टेबल व चकती यांमधील फट शक्य तितकी अरुंद ठेवावी. फट रुंद असली, की लाकूड तीत ओढले जाते व पाठोपाठ बोटही. जुवाची शिवळ किंवा खुरप्याची मूठ यांसारखी आखूड वस्तू नुसत्या हाताने धरू नये. लाकडी ठोकळ्यास अगर शिकंज्यात पक्की आवळून मगच लावावी. दाब हलका असावा व वस्तू सरकती ठेवावी. एकाच जागी रेटल्याने लाकूड जळते, कागद फाटतो, आणि फाटका कागद चाबकासारखा उसळतो. कागद बदलताना यंत्र बंद करून प्लगही काढावा.

पोशाखाकडे दुर्लक्ष करू नये. उपरण्याचे टोक, लोंबता पदर, सैल बाही, हातातील कडे, गळ्यातील ताईत ही सर्व चकतीस आमंत्रण देणारी आहेत. हातमोजे घातल्याने संरक्षण होते असे वाटते. परंतु फिरत्या चकतीत मोजा अडकला, तर तो हातासकट ओढला जातो. सबब मोजे नकोत. डोळ्यांस चष्मा व नाकातोंडास चांगला मास्क मात्र अवश्य हवा. लाकडाची बारीक धूळ कर्करोगास कारण होते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नमूद केले आहे. शिवाय ज्या चकतीवर लाकूड घासले, तिच्यावरच लोखंडी फाळ घासू नये. ठिणगी साचलेल्या भुशात पडून आग लागते.

आपल्या भागातील एक धोका निराळाच आहे. विहिरीवरील पंपास आपण ऑटो स्टार्टर बसवितो, कारण रात्री वीज आली की मोटार आपोआप सुरू व्हावी. विहिरीवर ही सोय ठरते. कारखान्यात हीच गोष्ट घात करते. वीज गेली, चकती थांबली, कोणी वाकून भुसा झाडू लागला, आणि वीज परत आली, तर काय होईल हे सांगणे नलगे. म्हणून वीज जाताच प्रथम बटण बंद करावे. वीज परतल्यावर पुन्हा बटण दाबल्याविना चालू न होणारा स्विच बसविणे सर्वांत उत्तम. अर्थिंगही तपासून घ्यावे.

इतके करूनही अपघात घडला, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा व रोग्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. बोट तुटले असल्यास ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे व ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट प्रत्यक्ष बर्फास लागू देऊ नये.

मळणी यंत्रांनी अनेकांचे हात नेल्यावर १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदा झाला व त्यात शक्तिचलित मळणी यंत्राचा नावानिशी समावेश झाला. घरच्या चकतीवर मात्र देखरेख करणारा मालकाखेरीज दुसरा कोणी नाही. दांडा थोडा खरखरीत राहिला तरी चालेल. तो धरणारी मूठ शाबूत राहिली पाहिजे. कापूस वेचणे, बी मुठीने सोडणे, कासरा धरणे ही सारी कामे त्याच बोटांची आहेत, हे आमच्या शेतकरी बंधूंनी बटण दाबण्यापूर्वी क्षणभर स्मरावे, इतकीच आमची विनंती आहे.