कायदा शिकायचा, तर आधी ऐकायला शिका

कॅनडात सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत ठेवलं. मायबोली बोलली तर शिक्षा व्हायची. आणि हे सगळं कायद्याच्याच आधाराने!

म्हणून २०१५ साली सत्य आणि समेट आयोगाने ९४ शिफारशी केल्या. अठ्ठाविसावी सांगते, कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास आणि आदिवासींचे हक्क शिकलेच पाहिजेत. व्हिक्टोरिया विद्यापीठात २०१८ पासून चार वर्षांत दोन पदव्या मिळतात: एक देशाच्या कायद्याची, दुसरी आदिवासींच्या स्वतःच्या कायद्याची. त्यासाठी विद्यार्थी आदिवासी वस्त्यांवर जाऊन शिकतात.

गेलेलं बालपण याने परत येत नाही. पण ज्यांच्यावर कायदा चालतो, त्यांचं ऐकलं नाही तर काय होतं, हे उद्याच्या वकिलाला कळतं. आपणही गटात ठराव लिहिण्याआधी गप्प बसलेल्या बाईला विचारूया.