औषध तेच, वेळ चुकीची

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर शर्यत संपली की सगळ्यांच्या नजरा निकालाकडे लागतात. जिंकलेल्या घोड्याची मात्र अजून सुटका नसते. त्याला तपासणीच्या तबेल्यात नेतात. खाली गवत पसरलेलं असतं, सईस हलकी शीळ घालत राहतो आणि लांब दांड्याच्या भांड्यात मूत्र धरलं जातं. घोडा दाद देईना, तर रक्त घेतात. नमुन्याचे दोन भाग करून सील करतात. एक तपासणीसाठी, दुसरा निकालावर वाद झालाच तर. दिल्लीच्या राष्ट्रीय डोप चाचणी प्रयोगशाळेत खेळाडूंप्रमाणे घोड्यांचेही नमुने तपासले जातात.

उत्तेजक देण्याची खोड जुनीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये कोकेन पाजलेले घोडे धावत होते. 1910च्या सुमारास व्हिएन्नात लाळेची चाचणी आली. आज सापडतं ते बरेचदा साधं औषध. फेनिलब्युटाझोन पायाच्या सुजेवर पशुवैद्य सर्रास देतात. पण शर्यतीच्या दिवशी तेच दुखणं झाकतं. तडा गेलेल्या हाडावर पाचशे किलोचं जनावर भरधाव सुटतं आणि कोसळलं तर जॉकीलाही घेऊन कोसळतं.

खाण्याचा सोडासुद्धा सुटलेला नाही. शर्यतीच्या काही तास आधी नाकातून नळी घालून तो पोटात सोडतात, म्हणजे स्नायूंतलं आम्ल मारलं जाऊन दम टिकेल. म्हणून रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडला लिटरमागे 36 मिलिमोल ही आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. उलट लसूणघास खाल्लेल्या घोड्याच्या मूत्रात सॅलिसिलिक आम्ल आपसूक उतरतं. त्याला मिलिलिटरमागे 750 मायक्रोग्रॅमपर्यंत सूट आहे. चारा कुठे संपला आणि औषध कुठे सुरू झालं, हे या आकड्यांवर ठरतं.

नमुना दोषी निघाला की जाब प्रथम ट्रेनरला द्यावा लागतो. ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत, कारण घोडा त्याच्या ताब्यातला.

सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. घोड्याचं वंश-वळण, त्याची मेहनत, जॉकीचा हात यांचा अभ्यास करून पैसे लावता येतात, हा त्यामागचा आधार. गुपचूप टोचलेली एक सुई तो अभ्यासच खोटा पाडते. मग उरतो निव्वळ जुगार, आणि त्यात फसलेल्यांत पहिला नंबर घोड्याचा.