म्हादई खोऱ्यातील देवगांडूळ : शरीर-आराखडा, भ्रूण आणि नाते

हुबळीच्या कमरीपेठेत म्हादई हा शब्द उच्चारला की पिण्याचे पाणी आठवते. कळसा-भांडुरा योजना, २०१५ पासून नरगुंद व हुबळी परिसरात दीर्घकाळ चाललेले शेतकऱ्यांचे आंदोलन, ऑगस्ट २०१८ मध्ये लवादाने कर्नाटकाच्या वाट्याला दिलेले १३.४२ टीएमसी पाणी, या गोष्टी येथील विद्यार्थ्यांनाही ठाऊक असतात. याच नदीचे नाव २००७ पासून एका प्राण्यालाही लाभले आहे, हे मात्र फारसे कोणाला माहीत नसते. बेळगावहून पणजीकडे जाताना लागणाऱ्या चोर्ले परिसरात, खानापूर तालुक्याच्या हद्दीत, मातीखाली राहणारा हा प्राणी भट्ट, दिनेश, प्रशांत व कुलकर्णी या संशोधकांनी नोंदविला आणि त्याला 'गेजेनिओफिस म्हादेइएन्सिस' असे नाव दिले. त्याच वर्षी शेजारच्या गोव्यातील केरी येथून 'गेजेनिओफिस गोएन्सिस' ही जातही नोंदविली गेली.

मराठीत या गटाला देवगांडूळ म्हणतात. वीत-दीड वीत लांब, पाय नाहीत, अंगावर एकामागून एक वलये, डोळे जवळजवळ दिसतच नाहीत. पावसाळ्यात बांध खणताना किंवा शेणखताचा ढीग उपसताना तो वर आला तर पाहणाऱ्याला दोनच शंका येतात : हे मोठे गांडूळ असेल, नाहीतर सापाचे पिल्लू. दुसरी शंका बळावली की कुदळ उचलली जाते. वाळा किंवा मांडूळ समजून मारला गेलेला हा प्राणी वास्तविक गांडूळही नसतो आणि सापही नसतो. तो उभयचर आहे, म्हणजे बेडकाच्या भाऊबंदांपैकी आहे.

हे ओळखण्यात विद्वानांचीही चूक झाली होती. लिनियसने १७५८ मध्ये या गटातील प्राण्यांना सापांच्या रांगेत बसविले. त्याच्याही आधी सुमारे नऊशे वर्षांपूर्वी बसऱ्याच्या अल-जाहिज याने 'किताब अल-हयवान' या ग्रंथात प्राण्यांची चालणारे, उडणारे, पोहणारे व सरपटणारे अशी वाटणी केली होती. निरीक्षणाची सुरुवात म्हणून ती उत्तम आहे, परंतु तिच्या हिशेबाने गांडूळ, साप आणि देवगांडूळ एकाच घरात येतात. चाल ही गरजेप्रमाणे बदलते. नाते शोधायचे तर प्राण्याच्या बांधणीकडे जावे लागते.

बांधणी म्हणजे केवळ बाह्य आकार नव्हे. मज्जारज्जू पाठीकडे की पोटाकडे, आधार कशाचा, वलयांच्या आत काय, या मूलभूत मांडणीला शरीर-आराखडा म्हणतात. गांडुळाचे अंग चिरले तर प्रत्येक वलयाच्या हद्दीवर आत एक पडदा आढळतो, जणू डब्यांना डबे जोडलेली आगगाडी. त्याचा चेतारज्जू पोटाच्या बाजूने जातो. हाड नाही, जबडा नाही. देवगांडुळाची वलये मात्र कातडीच्या घड्यांची आहेत. आत पाठीचा कणा आहे, त्यात शंभराच्या आसपास मणके आहेत, मज्जारज्जू पाठीकडून जातो, भक्कम कवटी आहे आणि जबड्यात दात आहेत. तेव्हा गांडुळाशी साम्य कातडीपुरतेच. हा भाग विच्छेदनाशिवायही शिकविता येतो. क्ष-किरणाचे एक छायाचित्र आणि शेजारी गांडुळाचा उभा छेद फळ्यावर काढला तरी फरक दिसतो.

सापाचा प्रश्न अधिक कठीण आहे, कारण कणा व दात सापालाही असतात. येथे कातडी थोडी मदत करते : सापाची कोरडी व खवल्यांची, देवगांडुळाची ओलसर व ग्रंथियुक्त. परंतु गेजेनिओफिसच्या वलयांच्या खाचांत बारीक खवले दडलेले असतात, म्हणून केवळ खवल्यांवर भिस्त ठेवणाऱ्या अभ्यासकाची फसगत होते. डोळा व नाकपुडी यांच्या दरम्यान बाहेर येणारी छोटी स्पर्शिका ही खरी खूण. ती सापाला नसते, बेडकालाही नसते.

निर्णायक साक्ष मात्र पिल्लाने दिली. लायडनच्या संग्रहालयातील एका लहान नमुन्याच्या मानेवर १८३१ मध्ये योहानेस म्यूलर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाला कल्ल्यांची छिद्रे आढळली. सापाच्या आयुष्यात कल्ल्यांनी श्वास घेण्याची अवस्था येत नाही. सापाचा भ्रूण उल्ब नावाच्या पाणथळ पिशवीत वाढतो. बेडकाच्या आणि देवगांडुळाच्या भ्रूणाला ही पिशवी नसते. पुढे पॉल व फ्रिट्झ सारासिन या बंधूंनी श्रीलंकेत इख्थिओफिसची अंडी अभ्यासली. मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते, आतील भ्रूणाला पिसांसारखे लांब बाह्य कल्ले फुटतात आणि अंड्यातून निघालेले पिल्लू पाण्यात जाते, हे त्यांच्या १८८७ पासून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून समोर आले.

गेजेनिओफिसचा पुढचा अध्याय कर्नाटकाशी निगडित आहे. बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातील बी. आर. शेषाचार यांनी १९४२ मध्ये गेजेनिओफिस कार्नोससच्या अंड्यांचे व भ्रूणांचे वर्णन प्रसिद्ध केले. या प्राण्याचे पिल्लू पाण्यात जातच नाही. अंडे मातीत, वाढ अंड्यातच, आणि बाहेर पडते ती आईचीच लहान प्रत. तरीही अंड्यातील भ्रूणाला बाह्य कल्ले येतात आणि बाहेर पडण्याच्या सुमारास ते नाहीसे होतात. उर्दू पाठ्यपुस्तकांत उभयचरांना 'जल-थलिए' म्हणतात. शब्द गोड आहे, पण ज्याला आयुष्यात जल लागत नाही अशा या प्राण्याला तो केवळ भ्रूणातील त्या कल्ल्यांच्या बळावर लागू होतो.

या ठिकाणी शिक्षकांकडून एक जुनी चूक होण्याचा संभव असतो. अनेक टिपणवह्यांत अजूनही हेकेलचे १८६६ चे सूत्र आढळते : भ्रूण आपल्या पूर्वजांच्या अवस्था क्रमाने पुन्हा जगतो, म्हणून कल्ले म्हणजे मासा. हे टिकलेले नाही. देवगांडुळाचा भ्रूण कोणत्याही क्षणी प्रौढ मासा नसतो. त्याचे कल्ले हे त्याच्याच वंशातील पाण्यात वाढणाऱ्या पिल्लांचे कल्ले आहेत. पाणी सुटले, पण वाढीतील ती पायरी पूर्णपणे सुटली नाही. हेकेलच्या कितीतरी आधी, १८२८ मध्ये, फॉन बेअर याने अधिक सावध गोष्ट सांगितली होती : भ्रूणात मोठ्या गटाची सामाईक लक्षणे आधी आणि लहान गटाची खास लक्षणे नंतर प्रकट होतात. वर्गात शिकवायचे ते हेच.

शेषाचार यांच्या गौरवार्थ २००३ मध्ये कोकणातील डोर्ले गावच्या एका जातीला 'गेजेनिओफिस शेषाचारी' हे नाव मिळाले. अंड्यांच्या अभ्यासकाचे नाव धारण करणारी ही जात अंडी घालत नाही! मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतील वरद गिरी, पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे धर्णे व शौचे आणि लंडनचे डेव्हिड गॉवर यांनी २००८ मध्ये दाखविले की तिची मादी जिवंत पिल्लांना जन्म देते. आशियातील उभयचरांत अशी ही पहिलीच नोंद होती. जनुकीय तुलनेवरून हे वैशिष्ट्य या गटात किमान चार वेळा स्वतंत्रपणे उद्भवले असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे एकट्या पश्चिम घाटात पाण्यात पिल्लू सोडणारे, मातीतच अंडे पूर्ण वाढविणारे आणि थेट पिल्लू देणारे, असे तिन्ही प्रकारचे देवगांडूळ आहेत. 'उभयचरांचे जीवनचक्र' या मथळ्याखाली केवळ बेडकाचे चित्र काढले तर यातील दोन प्रकार विद्यार्थ्याच्या कानावरही पडत नाहीत.

पाय नव्हतेच की गेले, हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर अमेरिकेतील ॲरिझोनाच्या ज्युरासिक खडकांतून १९९३ मध्ये मिळाले. 'इओसिसिलिया' या जीवाश्माला लहानसे चार पाय होते. जमिनीत बिळे करणाऱ्या वंशात ते हळूहळू लोपले. सापांतही पाय लोपले, पण तो वेगळा वंश आणि वेगळी वाट. दोन्हीकडे एकच काम, म्हणून एकच आकार.

एवढे सविस्तर सांगण्याचे कारण असे की २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. अकरावीला जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलांसमोर हा विषय शाळेत येईलच असे राहिले नाही. कम्युनिटी कॉलेजात येणारा विद्यार्थी बहुधा याच वाटेने येतो. त्याच्याशी माकड आणि माणूस येथून सुरुवात केली की वाद आधी आणि विषय मागाहून, असे घडते. देवगांडुळापासून सुरुवात केल्यास त्याला स्वतःच पडताळता येणारे प्रश्न हाती लागतात : कणा आहे का, मज्जारज्जू कोणत्या बाजूला, भ्रूणाला कल्ले आहेत की उल्ब.

नात्याचा आणखी एक धागा आहे, आणि तो खानापूरपासून फार दूर जातो. गेजेनिओफिसचे जवळचे आप्त हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर आढळतात. देवगांडुळाची कातडी ओलसर व पाझरणारी असल्याने खाऱ्या पाण्यात त्याचा निभाव लागणे कठीण. तो पोहत तेथे गेला असे मानता येत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सेशेल्स आणि भारत हे एकाच भूखंडाचे भाग होते. भूखंड दुभंगला, मध्ये समुद्र पसरला, आणि एकाच घरातले हे प्राणी दोन किनाऱ्यांवर राहून गेले.