एका बोंडावर दोन सरकारे

इंदूरचा भंवरकुआं भाग. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांचा वर्ग भरला आहे. शिकवणारे सर घरी मराठी बोलतात, वर्गात हिंदी. केंद्र आणि राज्य यांच्यात विषय वाटून देणाऱ्या, संविधानाच्या सातव्या अनुसूचीतल्या तिन्ही सूची मुलांना तोंडपाठ आहेत, म्हणून सर त्या लिहीत बसत नाहीत. ते फळ्यावर अफूचे बोंड काढतात.

अफू पिकवणाऱ्या नीमच-मंदसौरची मुले लगेच सरसावून बसतात. बोंडाला चीर दिल्यावर निघणारा चीक कोणाचा? केंद्राचा. लागवडीचा परवाना केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो देतो आणि अफूही केंद्र सरकारच घेते. मग चीक काढल्यावर उरणारा डोडाचुरा? वर्ग गप्प. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या दहाव्या कलमानुसार त्याची वाहतूक, साठवण, विक्री यांचे नियम राज्य करते. ‘केंद्र वरचे, राज्य खालचे’ ही समजूत इथे पहिल्यांदा डळमळते.

केंद्र-राज्य संबंधांचा खरा तास त्यानंतर सुरू होतो. १५ डिसेंबर १९९२. बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुख्यमंत्री सुंदरलाल पटवांचे मध्य प्रदेश सरकार कलम ३५६ खाली, म्हणजे राष्ट्रपती राजवटीची घोषणा करून, बरखास्त झाले. राजस्थान आणि हिमाचलचीही सरकारे गेली. अर्धा वर्ग केंद्राची बाजू लढवतो, अर्धा पटवांची. १९९३ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती घोषणा रद्द ठरवली, हे ऐकताच पटवांचा गट बाके वाजवतो. सर त्यांना वाजवू देतात आणि मग ११ मार्च १९९४ वर येतात. सर्वोच्च न्यायालयातला बोम्मई खटला, नऊ न्यायमूर्ती. तिन्ही राज्यांतली बरखास्ती वैध.

आता केंद्राचा गट उसळतो. पण त्याच निकालाने कर्नाटक, मेघालय आणि नागालँडमधली बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. बहुमताचा फैसला राजभवनात नाही, सभागृहात व्हायचा. संसदेची मंजुरी येईपर्यंत विधानसभा विसर्जित करता येणार नाही. राष्ट्रपतींची घोषणा न्यायालय तपासू शकते.

‘‘मग सर, जिंकले कोण?’’ मागच्या बाकावरून प्रश्न येतो. या विषयातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच. सर उत्तर देत नाहीत. निकालातली निष्कर्षांची पाने वाटतात. धर्मनिरपेक्षता हा संविधानाचा पायाभूत भाग असल्याने या तीन राज्यांतली बरखास्ती टिकली आणि बहुमत सभागृहात तपासलेच नाही म्हणून कर्नाटकातली पडली, हे मुले ओळी अधोरेखित करत स्वतः शोधतात. पुढे २०१६ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने राष्ट्रपती राजवट रद्द केली, ती याच निकालाच्या आधारावर.

नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येकाने ही पाने वर्गात वाचून घ्यावीत. गाइडमधल्या चार ओळींतून कोण हरले एवढेच कळते; का हरले, ते कळत नाही.