सांताचं पत्र, दहा रुपयांत

डिसेंबर उजाडला की आमच्या पोफळीत कुंभार्ली घाटाकडून गारवा उतरायला लागतो. ट्रंकेतले स्वेटर बाहेर येतात आणि माझ्याकडे आयांची ये-जा सुरू होते. प्रत्येकीच्या हातात वहीतून फाडलेला, चार घड्या घातलेला कागद. "ताई, यंदा आमच्या बाळ्याचंही एक लिहा ना!" लिहायचं काय, तर सांताक्लॉजचं पत्र. शाळेत नाताळचा कार्यक्रम होतो, टीव्हीवर सांता दिसतो, मग मुलं त्याला पत्रं लिहितात. आणि पत्र लिहिलं की उत्तर हवंच ना? गेली सात-आठ वर्षं हा माझा हौसेचा उद्योग आहे.

मुलाचं नाव छापलेली तयार पत्रं हल्ली विकत मिळतात. काहीशे रुपये पडतात. सोनेरी किनार, चकचकीत लाल मोहोर, सगळं देखणं. पण आत मजकूर ठरीव. 'तू यंदा खूप छान वागलास.' नाव बदललं की तेच पत्र दुसऱ्याचं. दोन मैत्रिणींनी आपापली पत्रं शेजारी ठेवून वाचली की संपला कारभार. मुलं आपल्याला वाटतात त्यापेक्षा बेरकी असतात, मैत्रिणींनो!

या बाबतीत माझे गुरू म्हणजे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारे टॉल्किन. १९२० साली त्यांनी आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी सांताच्या नावाने पहिलं पत्र लिहिलं आणि पुढे चारही मुलांसाठी १९४३पर्यंत दर नाताळला लिहीत राहिले. अक्षर मुद्दाम कापरं, कारण सांता म्हातारा आणि उत्तर ध्रुवावर थंडी फार. पाकिटावरची तिकिटंसुद्धा हाताने रंगवलेली. मधूनच सांताचं ध्रुवीय अस्वल समासात आपल्या जाड्याभरड्या अक्षरात शेरे मारायचं. महायुद्धाच्या वर्षांत तर सांताचं भांडारही रोडावल्याचं त्यांनी मुलांना कळवलं. मला हे फार आवडलं. सांतालाही ओढाताण असू शकते, हे मुलांना सांगायला काय हरकत आहे? ही पत्रं टॉल्किन गेल्यावर १९७६ साली पुस्तकरूपाने आली.

तर सामान. साधा कोरा कागद घ्यायचा. कोरा चहा गार करून ताटात ओतायचा, कागद त्यात दोन मिनिटं बुडवून सावलीत वाळवायचा आणि वर कापड ठेवून इस्त्री फिरवायची. शंभर वर्षांचा जुना दिसतो! बर्फासाठी निळा घोटीव कागद आणि भेंडी. भेंडीचा देठाकडचा भाग आडवा कापला की चांदणीसारखा ठसा मिळतो. तांदळाच्या पिठात जरासा डिंक कालवून त्यात ती बुडवायची आणि कागदावर उठवायची. मोहोरेसाठी लाल मेणखडूचा तुकडा मेणबत्तीवर वितळवायचा (मुलं झोपल्यावर!) आणि त्यावर ओलं केलेलं जोडवं दाबायचं. ओलं नाही केलं तर मेण चिकटून बसतं आणि जोडवं खरवडत बसावं लागतं. पाकीट, कागद, मेण सगळं धरून दहा रुपयांच्या आत काम होतं. टॉल्किनसारखं तिकीट रंगवायचं असेल तर पत्र उशाशी ठेवायचं. पोस्टात टाकायचं तर तिकीट खरंच हवं. मात्र वाचता येणारी मुलं आधी शिक्का बघतात. त्यावर चिपळूण दिसलं तर सांता चिपळूणला चहाला थांबला होता, असं सांगून मोकळं व्हायचं.

अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मी डाव्या हाताने लिहिते. ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन-तीन चुका मुद्दाम ठेवते, कारण सांताला मराठी आत्ता कुठे यायला लागलंय. त्या चुका लाल पेनाने सुधारताना मुलांना काय आनंद होतो! अस्वलाच्या जागी आमच्याकडे शेकरू आहे. कोयनेच्या जंगलातलं असल्यामुळे त्याचं मराठी सांतापेक्षा बरं, म्हणून समासातले खवचट शेरे त्याचे.

मुलांचे प्रश्न मात्र इथल्या मातीतले असतात. "आपल्याकडे धुराडं नाही, मग तो येणार कुठून?" आता पोफळीच्या पोरांना याचं उत्तर द्यायला कितीसा वेळ लागतो! वर शिवसागर जलाशय, तिथलं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून खाली येतं आणि जमिनीखालच्या वीजघरात वीज तयार होते. हे वीजघर १९६२ सालापासून चालू आहे. सांता त्याच वाटेने पाण्याबरोबर सुळ्ळकन खाली येतो आणि ओला झालेला कोट वीजघरात वाळवतो. पत्राखाली एक ओळ न चुकता लिहायची, की पाण्याकडे मोठ्यांशिवाय जायचं नाही, खुद्द सांताही विचारूनच जातो.

मजकुराचं म्हणाल, तर त्या मुलाची त्या वर्षातली एक खरी, बारीकशी गोष्ट हवी. ती कळायला आईशी दहा मिनिटं गप्पा माराव्या लागतात. पावसात वाट चुकलेल्या पिल्लाला पोत्यावर निजवलं, गणपतीत आरती पाठ म्हटली, धाकट्या भावाला आपली गोधडी दिली. असं काही वाचलं की मूल डोळे विस्फारून विचारतं, "हे त्याला कसं कळलं?" तिथे पत्र जिंकलं. आयांचा आग्रह वेगळाच असतो. "दूध पीत नाही, ते लिहा. गणितात कमी पडले, तेही लिहा." मी लिहीत नाही. ओरडायला आपण वर्षभर आहोतच की. त्यासाठी उत्तर ध्रुवावरून माणूस कशाला बोलवायचा?

आणखी एका बाबतीत मी हट्टी आहे. इथे एकाच वर्गात कायम नोकरीवाल्यांची मुलं असतात, ठेकेदाराकडच्या कामगारांची असतात आणि आसपासच्या वाड्यांवरचीही. एकाला सांताने सायकल दिली आणि बाकावरच्या दुसऱ्याला खोडरबर, तर दुसऱ्याने काय समजायचं? आपण वाईट वागलो? म्हणून सायकल द्यायची तर आईबाबांच्या नावाने खुशाल द्या. सांताच्या नावाने पेन्सिल, चिक्की, फार तर रंगपेटी. हे पटवायला एका घरी मला दोन वेळा चहा प्यावा लागला, पण पटलं.

"हा परका म्हातारा कशाला आपल्या पोरांच्या डोक्यात?" असं सासूबाईंनी पहिल्या वर्षी विचारलं होतं. त्यांना म्हटलं, दुधाचा दात पडला की तो कौलावर टाकून उंदराकडे नवा मागायला तुम्हीच शिकवलंत ना? चांदोबाशी बोलायला कोणी शिकवलं? सांताचं मूळही काही दुकानात नाही. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावी निकोलस नावाचे बिशप होते, ते गरजू घरात गुपचूप मदत पोचवत, अशी कथा आहे. आणि मुलांना मनापासून पत्र लिहिणारे म्हणाल तर साने गुरुजी आपल्याच जिल्ह्यातल्या पालगडचे. जन्म २४ डिसेंबर १८९९, नेमका नाताळच्या आदल्या दिवसाचा! पुतणी सुधाला लिहिलेली त्यांची 'सुंदर पत्रे' सासूबाईंच्याच कपाटात होती. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत. भेंड्या मात्र कोवळ्या निवडून देतात.

तीन वर्षांपूर्वी मात्र एक चिठ्ठी अशी आली की मी पेन खाली ठेवलं. पहिलीतली मुलगी. वडील आखातात ड्रायव्हर. चिठ्ठीत एवढंच, की मला खेळणं नको, पप्पांना घेऊन ये. तिची आई माझ्या ओट्यावर बसून राहिली. करार मे महिन्यापर्यंतचा, त्याआधी येणं शक्यच नव्हतं. "येतील लवकर, असं लिहून टाका," ती म्हणाली. मला ते लिहवेना. जे आपल्या हातात नाही ते सांताच्या नावावर कबूल केलं, तर मे महिन्यापर्यंत रोज ती पोर दाराकडे बघणार.

शेवटी आम्ही तिच्या वडिलांनाच फोन लावला. लेकीचं असं काही तुमच्याजवळ आहे का, जे बाकी कुणाला माहीत नाही? बराच वेळ ते गप्प. मग म्हणाले, निघताना तिने बॅगेच्या खणात पाच चिंचोके टाकले होते, ते अजून तिथेच आहेत.

मग सांताने लिहिलं, की माझी हरणं फक्त खेळणी ओढतात, माणसांना विमान लागतं आणि त्याची तारीख माझ्या हातात नसते. पण मी वाळवंटावरून येताना तुझ्या पप्पांच्या खोलीत डोकावलो. बॅगेच्या खणात पाच चिंचोके आहेत. मोजून आलोय. शेकरूने समासात शेरा मारला, की एक मी मागितला, पण त्यांनी दिला नाही.

त्या रात्री तिने फोनवर पहिलं वाक्य विचारलं ते चिंचोके दाखवा म्हणून. वडिलांनी एकेक करून पाचही फोनसमोर धरले. ती पुन्हा रडली का, असं मी तिच्या आईला विचारलं. म्हणाली, "रडलीही आणि जेवलीही."

ती आता चौथीत आहे. यंदा तिची चिठ्ठी काही आली नाही. परवा स्वतःच आली, माझ्या डाव्या हाताकडे जरा बघत राहिली आणि भेंडीचे ठसे मारायला कुणी हवंय का, असं विचारून गेली.